ठिपक्यांमधल्या रात्री

पहाटे साडेपाचला माझा पहिला तास असतो. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरामागच्या कडुनिंबावर तेव्हा कोकिळा सुरू झालेली असते, खाली दुधाच्या कॅन उतरत असतात, आणि लॅपटॉपच्या पलीकडे न्यू जर्सीत आदल्या दिवशीच्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की मी साडेसहाला बसते. तिकडच्या नववी-दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवायचं हे काम मी सहा वर्षांपासून करते आहे. त्याआधी बावीस वर्षं नागपुरातच शाळेत शिकवलं. त्या बावीस वर्षांत वर्गात कॅल्क्युलेटर दिसला की तो काढून टेबलाच्या खणात ठेवायचा आणि शाळा सुटताना परत द्यायचा, हा माझा रिवाज होता.

हे काम सुरू झालं ते माझ्या मामेबहिणीच्या मुलीमुळे. बहीण धरमपेठेत वाढली, लग्नानंतर तिकडे गेली. लेकीला बीजगणित जड जातंय म्हणून तिने मला गळ घातली. पहिल्याच आठवड्यात त्या मुलीने तिचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅमेऱ्यासमोर धरला. मी असं यंत्र पहिल्यांदाच पाहत होते. टीव्हीच्या रिमोटहून दुप्पट रुंद, पन्नासेक कळा, वर छोटा करडा पडदा. पडद्यावर एक आडवी रेघ, एक उभी रेघ. बाकी कोरं.

"मावशी, हा बिघडलाय," ती म्हणाली. "तीनदा समीकरण घातलं. ग्राफ येतच नाही."

समीकरण होतं य = क्ष² − २०क्ष + ११५. यंत्र अनोळखी होतं, पण वर्गसमीकरणाशी माझी जुनी ओळख. वहीच्या मागच्या पानावर पूर्ण वर्ग करून पाहिला: (क्ष − १०)² + १५. म्हणजे या वक्राचा सगळ्यात खालचा बिंदू क्ष १० असताना येतो, आणि तिथेही य ची किंमत १५ असते. तिला विचारलं, "तुझ्या पडद्यावर य कुठपर्यंत दिसतो?" तिने 'विंडो' लिहिलेली कळ दाबली. उणे १० ते १०, दोन्ही अक्षांवर. ही या यंत्राची ठरलेली चौकट. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते जगाचा एवढाच तुकडा दाखवतं.

"ग्राफ आलाय," मी म्हटलं. "तुझ्या खिडकीच्या वर आहे, म्हणून दिसत नाही."

क्ष २० पर्यंत आणि य ४० पर्यंत न्यायला सांगितलं. पडदा डावीकडून भरत गेला. पाचाच्या जवळ वरून एक रेघ उतरली, दहापाशी वळली, पंधराला पुन्हा छताबाहेर गेली. मुलगी हसली आणि पुढच्या गणिताकडे वळली. मी मात्र त्या एका शब्दापाशी थांबले होते. विंडो. ही खिडकी मी आधी कुठेतरी पाहिली होती.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, दर उन्हाळ्यात एक ग्राफ पेपर चिकटवलेला असायचा. १ एप्रिल ते १५ जून, ७६ दिवस. आडव्या अक्षावर एका दिवसाला २ मिलिमीटर, उभ्यावर एका अंशाला १ सेंटिमीटर. सकाळी पेपर आला की बाबा आधी हवामानाचा रकाना काढत, आदल्या दिवशीचं नागपूरचं कमाल तापमान पाहत, कानावरची पेन्सिल घेत आणि दाराशी जाऊन एक ठिपका देत. मग चहा. आई फोडणी देत असली की तो कागद हळूहळू पिवळा पडायचा, खालच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग उमटायचा, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागेपर्यंत ठिपक्यांची ती रांग चव्वेचाळीस-पंचेचाळिसाच्या घरात चढून बसलेली असायची.

उभा अक्ष ३४ पासून सुरू व्हायचा. १९८५ च्या उन्हाळ्यात माझी सहावी संपली होती. आलेख शाळेत नुकताच शिकून झाला होता, आणि दोन्ही अक्ष शून्यातच भेटतात हे मला पक्कं ठाऊक होतं. मी विचारलं, "बाबा, शून्य कुठं आहे?"

बाबांनी कागदाच्या खालच्या कडेवर पट्टी लावली, मोजलं आणि दाराच्या कडीवर बोट ठेवलं. "चौतीस सेंटिमीटर खाली. इथं. मे महिन्यात इथं पाहून काय भेटणार?"

पुढे शिक्षिका झाल्यावर एकदा मी हिशेब केला. तोच कागद बाबांनी शून्यापासून आखला असता तर अख्खा उन्हाळा वरच्या चार सेंटिमीटरांत चेपून बसला असता. एप्रिलमधलं वादळ, एका रात्रीत चार अंशांनी उतरलेला पारा, नवतप्यातली चढण, सगळं एका जाडसर पट्ट्यात गेलं असतं. कडीपाशी काही नाही हे त्यांना आधीच माहीत होतं, म्हणून त्यांनी खिडकी वर घेतली. आरंभबिंदू शिकवताना नागपूरचे आम्ही सगळे शिक्षक झिरो माइलचं उदाहरण देतो. तिथल्या खांबावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल असं कोरलेलं आहे. मीही ते उदाहरण वर्षानुवर्षं दिलं. पण हैदराबादेहून निघालेल्या माणसाला वाटेतले मैलाचे दगड मोजण्यासाठी झिरो माइल डोळ्यांना दिसावा लागत नाही, हे मात्र मी वर्गात कधी बोलले नव्हते. दारावरचा तो कागद पाहत मोठी झालेली मी, मुलांना मात्र दरवेळी कागदाच्या मधोमध शून्य मांडायला लावत आले.

त्याच उन्हाळ्यात मी एक उद्योग केला. दुपारी सगळे निजले होते. लाल शाईचं पेन घेऊन मी स्टुलावर चढले आणि दारावरचे सगळे ठिपके एकाला एक जोडून टाकले. पुस्तकातल्या आलेखासारखी छान वरखाली जाणारी रेघ झाली. बाबा खूश होतील असं वाटलं होतं.

ऑफिसातून आल्यावर ते बराच वेळ दारासमोर उभे राहिले. रागावले नाहीत. "काहून जोडले?"

"पुस्तकात जोडतात."

"हं. पण दोन ठिपक्यांच्या मधे रात्र असते नं, बाई. रात्री किती होतं, तू मोजलं काय?"

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून नवा कागद आला. रविवारी बसून बाबांनी सगळे ठिपके पुन्हा उतरवले. मधे आम्ही रामटेकला आत्याच्या मुलीच्या लग्नाला तीन दिवस गेलो होतो, परत येईपर्यंत शेजाऱ्यांचे पेपर रद्दीत गेले होते. त्या तीन दिवसांची जागा जुन्या कागदावर कोरी होती, नव्यावरही त्यांनी ती कोरीच ठेवली.

चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम नावाचा एक धर्मगुरू-पंडित होऊन गेला. उष्णतेसारखा गुण कुठे किती तीव्र आहे हे दाखवायला त्याने आडव्या रेघेवर उभ्या रेघा काढण्याची युक्ती मांडली. फ्रेंच तत्त्वज्ञ-गणिती देकार्तचं भूमितीवरचं लेखन, ज्यातून बीजगणिताला कागदावर रूप मिळालं, ते १६३७ मधलं. बाबांना ही नावं माहीत असायचं कारण नव्हतं. आणि ज्या १९८५ मध्ये मी स्टुलावर उभी राहून लाल रेघ ओढत होते, त्याच वर्षी जपानच्या कॅसिओने एफएक्स-७०००जी बाजारात आणला, आलेख काढून दाखवणारा पहिला कॅल्क्युलेटर. पाच वर्षांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ आला आणि अमेरिकेतल्या शाळांत ही यंत्रं रुजली. आज तिथे कॅल्क्युलसच्या एका मोठ्या परीक्षेत काही प्रश्नांसाठी असा कॅल्क्युलेटर लागतोच.

कॅमेऱ्यातून दुसऱ्याचं यंत्र पाहून शिकवणं मला पटेना. मी बहिणीला तसं म्हटलं, तर तिने दिवाळीत येताना तिच्या थोरल्या मुलाचा जुना टीआय-८३ प्लस आणला. पाठीमागे चार बारीक सेल आणि स्मरण राखायला वेगळा एक बटन सेल. सरकवायचं झाकण, त्यावर त्या मुलाने करकटकाने कोरलेली आद्याक्षरं. पडद्याखाली ओळीने पाच कळा: समीकरण घालायची, खिडकी ठरवायची, झूम, ट्रेस आणि ग्राफ. आलेखासाठी पडद्यावर ९५ स्तंभ आणि ६३ ओळी, म्हणजे ५,९८५ ठिपके. आजच्या साध्या मोबाइलमध्येही याच्या शेकडो पट असतात. मला मात्र हा भरड पडदाच आवडला. इथे प्रत्येक ठिपका वेगळा दिसतो, आणि यंत्र नेमकं काय करतं हे लपत नाही. ते एकेका स्तंभाशी जातं, तिथली क्ष ची किंमत समीकरणात घालतं, य काढतं, ठिपका देतं आणि मागच्या ठिपक्याला जोडतं. मुलं वहीत करतात तेच. फक्त मुलं पाच किमती घेतात आणि ते पंच्याण्णव.

एका गोष्टीने तर मी चकितच झाले. आलेख क्ष-अक्षाला कुठे छेदतो, म्हणजे समीकरणाचं मूळ काय, हे यंत्राला विचारता येतं. मला वाटलं होतं कळ दाबली की उत्तर येईल. यंत्रच उलट विचारायला लागलं. डावी हद्द? रेघेवरून सरकत जाऊन दाखवावी लागते. उजवी हद्द? तीही दाखवावी लागते. आणि मग तिसरा प्रश्न: गेस? अंदाज? उत्तर साधारण कुठे असावं हे तुम्ही सांगितलंत की मगच ते शोधायला निघतं. वक्राला तीन मुळं असतील आणि तुम्ही हद्दी चुकीच्या दाखवल्या, तर तुम्हाला हवं ते मूळ सापडायचंच नाही. ज्या यंत्राने मुलांची डोकी बंद पडतील म्हणून मी धास्तावले होते, ते यंत्र दर पायरीला मुलाला विचारतं की तुला काय वाटतं. बावीस वर्षांत मी फळ्यासमोर हा प्रश्न किती वेळा विचारला असेन? उत्तर काढ, ताळा कर, हे रोज म्हटलं. आधी अंदाज सांग, हे फार कमी वेळा.

वजा चिन्हाच्या दोन कळा असतात, एक वजाबाकीची आणि एक ऋण संख्येची, आणि त्यांची अदलाबदल झाली की यंत्र अडतं. −३ चा वर्ग कंसाशिवाय केला तर −९ येतो. या दोन गोष्टींवरून निम्म्या मुलांचे पहिले दोन तास जातात. जाऊ देत. ऋण संख्या ही एक वस्तू आणि वजाबाकी ही एक क्रिया, हा भेद आमच्याकडे दहावी झालेल्या मुलालाही नेमका सांगता येत नाही.

शेजारचा बारावीतला मुलगा संध्याकाळी माझ्याकडे येतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चाललीये त्याची. त्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. बोर्डाच्या परीक्षेतही लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे माझ्या टेबलावरचं यंत्र त्याला निषिद्ध वस्तूसारखं वाटायचं. एकदा त्याला म्हटलं, य = क्ष³ − क्ष चा आलेख वहीत काढ. त्याने सवयीने तीन किमती घेतल्या: उणे १, ०, १. तिन्ही वेळा य शून्य आला. क्ष-अक्षावर तीन ठिपके पडले आणि त्याने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली.

"झालं?"

"झालं नं, मॅडम. सरळ रेषा आहे."

घनाचा आलेख सरळ रेषा कसा येईल, हे त्याला शब्दांत विचारलं असतं तर त्याने बरोबर सांगितलं असतं. पण हाताने जे काढलं त्यावर त्याचा विश्वास बसला होता. मी यंत्र पुढे केलं. त्याने तेच समीकरण ठरलेल्या चौकटीत, उणे १० ते १० मध्ये टाकलं. पडद्यावर एक उभी चढण आली, मधे आडवा तुकडा, पुन्हा चढण. मधलं वळण जवळजवळ दिसेनाच, कारण तिथला उंचवटा जेमतेम ०.३८ चा आणि त्या चौकटीत पडद्याची एक ओळच ०.३२ ची. मग झूममध्ये जाऊन छोटी चौकट घेतली, क्ष उणे ४.७ ते ४.७, एका स्तंभाला बरोबर ०.१. आता डोंगर दिसला, दरी दिसली, मधून शून्यातून जाणारी उतरण दिसली. मुलगा वहीकडे पाही, पडद्याकडे पाही. त्याच्या तीन किमती ही त्याचीच खिडकी होती. ती त्याने न बघता निवडली होती.

मला इथे आमच्या शिकवण्याबद्दल वाईट वाटतं आणि ते मी मोकळेपणाने लिहिते. क्ष, य आणि कंसातली जोडी असा तीन ओळींचा तक्ता आम्ही वर्षानुवर्षं आखून देतो. क्ष च्या किमती कुठल्या घ्यायच्या हे मुलाने ठरवायचं असतं, पण गुण ठिपके बरोबर पडल्याचे, अक्षांना नावं दिल्याचे आणि कोपऱ्यात प्रमाण लिहिल्याचे. याच किमती का घेतल्यास, असं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलांनी उणे २ ते २ च्या पलीकडचं जग पाहिलंच नसेल.

वर्तुळाची कथा याहून गोड आहे. मुलांना समीकरण देते, क्ष² + य² = २५. यंत्र ते घेत नाही, कारण क्ष च्या एका किमतीला य च्या दोन किमती येतात, आणि फल (फंक्शन) म्हणायचं तर एकच यायला हवी. मग वरचं अर्धं आणि खालचं अर्धं अशी दोन वर्गमुळं घालावी लागतात. पडद्यावर येतो तो लंबगोल, तोही दोन्ही टोकांना तुटलेला. पडदा उंचीपेक्षा रुंद असल्यामुळे आकार पसरतो. आणि तुटतो तो असा: एक स्तंभ ४.८९ वर पडतो, तिथे य अजून १ च्या थोडा वर असतो. पुढचा स्तंभ थेट ५.११ वर, तिथे वर्तुळ संपलेलं. वर्तुळ ५ ला मिटतं, पण ५ वर यंत्राने पाहिलेलंच नाही. आम्ही लहानपणी आईची बांगडी ठेवून ग्राफ पेपरवर वर्तुळ काढायचो. बांगडीला स्तंभ नसतात, ती एका फेरीत मिटते. पण त्या वर्तुळाबद्दल मला कधी एकही प्रश्न पडला नव्हता. या तुटक्या वर्तुळावर एक अख्खा तास जातो, आणि तास संपताना मुलांना फल म्हणजे काय हे कळलेलं असतं.

पण या सगळ्यात मला सर्वांत प्रिय असलेलं उदाहरण साइनचं आहे, त्रिकोणमितीतल्या त्या फलाचं ज्याचा आलेख लाटेसारखा येतो. ते मला एका मे महिन्यात, दुपारी, कूलरच्या आवाजात सापडलं. मी उगाच समीकरणं घालून पाहत होते. य = साइन (३०क्ष) घातलं, कोन रेडियन या एककात, चौकट नेहमीची. पडद्यावर एक संथ, सुंदर लाट आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम दीड.

दीड? क्ष ला तीसने गुणलं की लाटा तीसपट दाट होतात, साइन तर वेडापिसा व्हायला हवा. मी वहीत मांडलं. एका लाटेची लांबी २π भागिले ३०, म्हणजे ०.२०९. उणे १० ते १० या वीस एककांत अशा साडेपंचाण्णव लाटा मावतात. दिसत होत्या दीड. उरलेल्या चौऱ्याण्णव गेल्या कुठे?

उत्तर स्तंभांत होतं. पंच्याण्णव स्तंभांमध्ये चौऱ्याण्णव पावलं, म्हणजे एक पाऊल २० भागिले ९४, ०.२१३. पाऊल लाटेपेक्षा किंचित मोठं! यंत्र एक पाऊल टाकतं तेवढ्यात लाट वर जाऊन, खाली जाऊन, पुन्हा वर येऊन एक पूर्ण फेरी मारते आणि वर जराशी पुढे सरकते. यंत्राला फक्त ते 'जराशी' दिसतं. दर पावलाला जराशी, जराशी. आणि यंत्र इमानाने ते सगळे ठिपके जोडतं. प्रत्येक ठिपका खरा होता. एकाही ठिपक्याची किंमत चुकली नव्हती. लाट मात्र पडद्यावर होती तशी कुठेच नव्हती.

मी मान वर केली. छताचा पंखा फिरत होता, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली. लहानपणी महालातल्या घरात तसाच पंखा बघत आम्ही भावंडं पडून राहायचो. कधीकधी पाती हळूहळू उलटी फिरताना दिसायची आणि आम्ही भांडायचो, खरंच उलटा फिरतोय की नाही म्हणून. ती ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. प्रत्येक लुकलुकीत डोळ्याला पात्यांची एक जागा दिसते, मधला प्रवास अंधारात होतो, आणि डोळा दिसलेल्या जागा जोडून टाकतो. तीस वर्षांचं ते भांडण त्या दुपारी मिटलं.

आणि मला दारावरची लाल रेघ आठवली.

तेव्हापासून हे उदाहरण मी प्रत्येक मुलाला देते, तिकडच्याही आणि इकडच्याही. आधी आलेख काढायला सांगते आणि गप्प बसते. बहुतेक जण ती लाट वहीत उतरवून घेतात. मग विचारते, मध्ये काय होतं? शेजारच्या मुलाला विचारलं तेव्हा तो ट्रेसची कळ दाबून बराच वेळ एकेक ठिपका सरकत राहिला. सगळे ठिपके बरोबर आहेत की, असं पुटपुटत. मग अचानक थांबला. "मॅडम, म्हणजे याने मधातलं पाहिलंच नाही!" वरच्या मजल्यावरच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला तो.

तशीच ती खोटी भिंत. १ भागिले (क्ष − २) चा आलेख या जुन्या मॉडेलवर काढला की क्ष २ पाशी वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ येते. मुलं ती आलेखाचा भाग समजून वहीत उतरवतात. खरं तर २ ला या फलाची किंमतच नाही. यंत्राचा एक स्तंभ १.९१ वर पडतो, तिथे किंमत पार खाली, दुसरा २.१३ वर, तिथे वर, आणि सवयीने ते दोन्ही जोडतं. जोडण्याची सवय बंद करायचीही सोय आहे, नुसते ठिपके दाखवायची. ती मला फार उशिरा सापडली.

आता मोबाइलवर हे सगळं फुकट आहे. २००१ मध्ये साल्झबुर्गला मार्कुस होहेनवार्टरने सुरू केलेलं जिओजेब्रा आहे, २०११ पासूनचं डेसमॉस आहे. बोटाने सरकवलं की खिडकी सरकते, चिमटीने लहानमोठी होते. टीआय-८४ साठी शंभराहून जास्त डॉलर मोजायची गरज आमच्या मुलांना नाही. कळमन्यातल्या हमालाच्या मुलाच्या हातातही हे चालतं. परीक्षेत नको असेल तर नको, तो वाद मी घालत नाही. पण वर्गात ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ते हाताने काढलेल्या आलेखाच्या नंतर यावं असंही वाटतं. ज्याने स्वतः पाच ठिपके देऊन जोडलेत, त्यालाच दुसऱ्याने केलेल्या जोडणीवर शंका घेता येते. पेन्सिल आधी. मग यंत्र. आणि मग पुन्हा पेन्सिल.

या मे महिन्यात आईच्या पत्र्याच्या पेटीत तो कागद सापडला. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. १९८५ चा, रविवारी बसून पुन्हा उतरवलेला. खालच्या कोपऱ्यात तेलाचा डाग नाही, म्हणजे तो उन्हाळा संपायच्या बेतात लागला असणार. चारही कोपऱ्यांत जिथे कणीक लावून चिकटवला होता तिथे कसरीने खाल्लाय. ठिपके मात्र सगळे शाबूत. भिंग घेऊन मी एकेक वाचला आणि यंत्राच्या यादीत भरला, पहिल्या यादीत दिवस, दुसरीत तापमान. रामटेकचे तीन दिवस आले तिथे थांबले. एका यादीत आकडा आणि दुसरीत नाही असं यंत्राला चालत नाही, दोन्हींची लांबी सारखी लागते. म्हणून ते तीन दिवस दोन्हींतून वगळले. ७३ जोड्या झाल्या.

झूमच्या यादीत नववी सोय आकडे पाहून खिडकी आपोआप ठरवणारी आहे. त्याआधी आलेखाचा प्रकार विचारतात: पहिला सुटे ठिपके, दुसरा जोडलेले. ठिपक्याचं चिन्हही विचारतात, चौकोन, अधिक किंवा बारीक टिंब. मी पहिला प्रकार घेतला आणि टिंब घेतलं.

बाहेर ऊन तापायला लागलं होतं, कूलरच्या खसचा वास येत होता. पडद्यावर डावीकडून टिंबं उमटायला लागली. दिवसाला जवळपास एक स्तंभ. खालचा अक्ष दिसत नव्हता, शून्य पार खाली राहिलं होतं. एप्रिलमधला चढ, मधला तो अचानक उतार, मग वर, आणखी वर. मधे एका जागी तीन स्तंभ कोरे गेले, आणि पुढे पुन्हा टिंबं सुरू झाली.